ओला दोरा

मंगळवार, १२ डिसेंबर २००६. दिग्रस

आज मी जिंकली! पण आधी त्या लाल पेनाचं लिहिते.

बायोफिजिक्सच्या प्रॅक्टिकलले सुती दोरा वजनं लटकवून तोडायचा होता, एकदा कोरडा, एकदा ओला. आधी अंदाज लिहायचा. सगळ्यांनी लिहिलं, ओला लवकर तुटेल. मी लिहिलं, ओला जास्त वजन पेलेल. सरांनी लाल पेनानं फुली मारली. "कशाच्या भरवशावर?" आई कापसाच्या जिनिंग कारखान्यात पोती शिवायची, शिवायच्या आधी दोरा पाण्यात बुडवायची, हे सांगायची लाज वाटली. काहून वाटली?

कोरडा दोरा तुटला. ओला तेवढ्या वजनाले हललाही नाही! आणखी दोन वजनं टाकली, तरी तुटेना. सर वाकून पाहून राह्यले होते.

जर्नलमध्ये 'संदर्भ' म्हणून सगळ्यांनी पुस्तकाचं नाव लिहिलं. मी लिहिलं, 'माझी आई, जिनिंग कामगार'. लाल पेन तिथंच थांबला. मग सरांनी स्वतःची फुली खोडली आणि खाली सही केली. "आता याचं कारण शोधून आण," म्हणाले.

घरी आईले दाखवलं. जिनिंग बंद पडल्यापासून ती नुसती बसून असते. "एवढ्यासाठी कॉलेज लागते का वं?" म्हणे. मग पदराले हात पुसून जर्नल मांडीवर घेतलं, सगळं वाचलं.

"माहं नाव काहून नाही लिहिलं?"

मी पेन घेतला आणि सरांच्या सहीच्या वर तिचं पूर्ण नाव लिहिलं. मोठ्या अक्षरात.