ज्या मुलांची तक्रार नाही

अंबरनाथ,
८ ऑगस्ट १९५५

तीर्थस्वरूप विष्णुमामांच्या चरणी कुमुदिनीचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमचा खोकला, मामींचे गुडघे आणि अंगणातली पपई कशी आहे ते कळवावे. (तुमच्या कानांची चौकशी करत नाही. ते उत्तम असल्याचं तुम्ही गेल्या महिन्यात मला ठासून सांगितलंत. मी विचारलं होतं, चहा घेणार का.)

पत्रास कारण, मला बढती मिळाली आहे. पगार तोच, काम दुप्पट. आमच्या संस्थेच्या अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर मिळून पाच प्राथमिक शाळा. मागे पडणाऱ्या मुलांसाठी काहीतरी करावं, असं मी सभेत बोलून बसले आणि ते काम माझ्याच गळ्यात पडलं. आपल्या शाळेत ढ मूल एकही नाही, शेजारच्या शाळेत मात्र पुष्कळ आहेत, असं पाचही हेडमास्तरांचं म्हणणं पडलं. पण अशा मुलांना दर सोमवारी कुमुदिनीबाई दिवसभर आपल्याकडे ठेवून घेतील, असं कळल्यावर सगळ्यांची भराभर यादी आली.

पहिल्या सोमवारी जी पलटण आली, मामा, तशी हुशार मुलं मी जन्मात पाहिली नव्हती. हेडमास्तरांनी मागे पडणारी मुलं पाठवलीच नव्हती, नकोशी झालेली पाठवली होती. उल्हासनगरातल्या कॅम्प पाचच्या जयदेवने (बापाचं कापडाचं दुकान, हिशेब माझ्याहून पक्का) माझी गणितं तोंडी सोडवली आणि मग घंटेची हातोडी लपवली, त्यामुळे मधली सुट्टी झालीच नाही. मला राग आला, हसूही आलं. तिकडे पाचही शाळांत म्हणे त्या दिवशी फार शांतता होती.

मग मी उलटा हुकूम काढला. ज्याच्याविषयी तुमची काहीच तक्रार नाही, ते मूल मला दाखवा. बदलापूरच्या गुरुजींनी अभिमानाने वेणू दाखवली. चौथीतली मुलगी, शेवटच्या बाकावर. फार गुणी, कधी उलट बोलत नाही, असं ते म्हणाले. ती सुलटही बोलत नव्हती. सगळी उठली की उठायची, सगळी हसली की हसायची. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलले की तिची पाटी कोरी. मी मागून हाक मारून एक प्रश्न विचारला तेव्हा सगळा वर्ग वळला, ती वळली नाही. समोर येऊन तेच विचारलं तर माझ्या ओठांकडे बघत उत्तर बिनचूक दिलं.

तिचा बाप हरिचंद्र शेतावर भेटला. माणूस वाईट नाही, पण कंटाळला आहे. म्हणाला, "चार वर्सां बाकावं बसवली, बाय. गनपती झालं का काढतो, भातात तरी हात लावंल." मुलगी ढ नाही, तिला ऐकू येत नाही, हे मी परोपरीने सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. गुरुजींचाही नाही.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नये.

आपली आज्ञाधारक,
कुमुदिनी

ता. क. तुमच्या शशिकांतने तुमच्यासाठी हौसेने आणलेलं ते कानाचं यंत्र, जे (मामी म्हणतात) त्यांच्या शालूच्या पेटीत डांबराच्या गोळ्यांशेजारी आहे, ते आठ दिवस पाठवाल का? ऐकू आलं की ही मुलगी शिकते, हे हरिचंद्राला गणपतीआधी दाखवायचं आहे.

आणखी ता. क. यंत्र मलाच लागतं, असं तुमचं उत्तर आलं तर फारच उत्तम. मग ते कानात घालून शनिवारी स्वतःच या. सगळ्यांपुढे वेणू एकटी ते घालायची नाही, तुमच्या कानात पाहिलं तर घालेल. ऐकू न येताही सगळ्याला मान डोलावणारं माणूस मी इतक्या लवकर कसं ओळखलं, असं गुरुजी अजूनही अविश्वासाने विचारत होते. घरचं आहे, एवढंच सांगितलं.

तिसरा ता. क. निघण्याआधी, यंत्र घातलेलंच असेल, तर थोडा वेळ मामींजवळ बसा. त्या बरीच वर्षं तुम्हाला काहीतरी सांगत आहेत.