लॅबच्या दारापर्यंत

वॉटर्लू,
१४ नोव्हेंबर २००९

प्रिय मृणालिनी,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत. थंडी यंदा लवकर पडली, त्यामुळे विलासचा गुडघा कुरकुरतो आहे. परवा त्यानं गाडीला विंटर टायर लावून घेतले आणि जणू स्वतःच घडवले असावेत असा दिवसभर मिरवला. तुझ्या ऊर्मीची पुस्तकं मी दोन खोक्यांत भरली आहेत. शेजारचा गुरुदत्त जानेवारीत नागपूरला येतोय, त्याच्याबरोबर पाठवते.

कॉलेजात मला एका कमिटीवर घेतलंय. इमिग्रेशनचे अधिकारी आले तर कुणी काय करायचं, याचे नियम ठरवायला. बावीस वर्षं रजिस्ट्रार ऑफिसच्या काउंटरवर बसले, आता माझं मत विचारतात. एक प्राध्यापक म्हणाले, त्यांना आतच घेऊ नये. सिक्युरिटीवाला म्हणाला, कायदा असा दारात अडवता येत नाही. शेवटी ठरलं की त्यांना बसवायचं, रजिस्ट्रारना बोलवायचं, त्यांच्याकडचा वॉरंटचा कागद बघायचा आणि तोवर कुणाचंही वेळापत्रक द्यायचं नाही.

इमिग्रेशनवाल्यांना ऊर्मी नेमकी सापडली कशी, असं तू फोनवर दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी लाइन खराब असल्याचं म्हटलं. लाइन चांगली होती.

तिच्या शिक्षणाच्या परवान्याची मुदत संपली होती, हे तू जाणतेस. नव्वद दिवसांच्या आत अर्ज केला तर तो परत मिळू शकतो. त्यातले पंचवीस दिवस उरले होते. फॉर्म भरून माझ्या डायनिंग टेबलावर पडले होते, बँकेचं एक पत्र तेवढं यायचं होतं.

त्या मंगळवारी ते दोघं आमच्या ऑफिसात आले, एक बाई आणि एक पुरुष. बूट पायपुसण्यावर नीट पुसून आत आले. नाव सांगितलं ते ऊर्मीचं. कागद दाखवा, असं मी म्हटलं नाही. सरकारी माणूस आला की आपण आधी खुर्ची देतो, मग पाणी. मी दोन्ही दिलं. वाटलं, आपण गोड वागलो तर तेही मऊ वागतील. कंप्यूटरवर पाहून सांगितलं: लॅब, बी विंग, दुसरा मजला. बाई हसून म्हणाली, "धिस प्लेस इज अ मेझ," म्हणजे अगदी भूलभुलैया. आणि मी उठले. म्हटलं, "कम, आय विल शो यू." घरी आलेल्या माणसाला आपण कोपऱ्यापर्यंत सोडायला जातो ना, तशी मी पुढे चालू लागले.

दाराच्या काचेतून ऊर्मीला मी एकटीच दिसले. ते दोघं बाजूला भिंतीशी उभे होते. सकाळी ती डबा विसरून गेली होती. तिला वाटलं, मी तोच घेऊन आले. हसत बाहेर आली आणि म्हणाली, "मावशी, वर कशाला आलीस? मी खाली आले असते ना."

पुढचं तुला ठाऊक आहे. वर्षभर परत येता येणार नाही अशी ऑर्डर, आणि तिकीट.

विमानतळावर ती मला म्हणाली, "आईला मी काय ते सांगीन. तू काही बोलू नकोस." तिनं तुला सांगितलं की त्यांनी तिला शोधून काढलं. मग तुझा फोन आला. तू म्हणालीस, "जयंती, तू तिथे होतीस म्हणून पोरीला धीर होता." तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. मला लाज वाटते, मृणाल.

नियम काल मंजूर झाले. सहावा माझा आहे: कुणाही कर्मचाऱ्यानं अधिकाऱ्यांना वाट दाखवायला सोबत जाऊ नये. अध्यक्षबाई म्हणाल्या, "हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. व्हेरी थॉटफुल." मी थँक यू म्हटलं.

वर्ष सरल्यावर ऊर्मी पुन्हा अर्ज करील. तिची खोली तशीच ठेवली आहे, पण तिनं इथे राहायचं की नाही हे आता तू ठरव. तिचा डबा घासून पुस्तकांच्या खोक्यात वरच ठेवला आहे.

आजवर प्रत्येक पत्राखाली 'तुझीच' लिहीत आले. आज नुसतीच,

जयंती