गुरुवारच्या मॅडम

१ जुलै, सोमवार
शाळा सुरू. पहिल्याच बैठकीत मु.अ. (मुख्याध्यापक) साहेबांनी सांगितलं, नागपूरच्या संस्थेचा प्रकल्प संपला. दोन वर्षं दर गुरुवारी भंडाऱ्याहून पल्लवी मॅडम यायच्या, मागच्या खोलीत पोरांशी बोलायच्या. कोणत्याही पोरानं जिवाचं बरंवाईट करून घेऊ नये म्हणून. आता पैसे बंद, मॅडम बंद. संस्थेचं पत्र वाचून दाखवलं : 'उपक्रम शाळेने स्वतःच्या साधनांतून सुरू ठेवावा.' आमची साधनं : घंटा एक, कपाटं दोन, त्यातल्या एकाची किल्ली हरवलेली.
मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मु.अ. म्हणाले,
"गजभिये सर, मैदान सांभाळता, आता मन बी सांभाळा."
पी.टी. शिक्षक आहे मी. एकवीस वर्षं ओरडण्याचा पगार घेतला.

२ जुलै
घरी सांगितलं. बायको, सुनीता, पोटभर हसली. "तुमी पोराईशी हळू बोलान? तुमी मले चहा मागता तं शेजारीण गंजात चहाचं पानी ठेवते."

८ जुलै
पल्लवी मॅडमना फोन. म्हणाल्या, बसभाडं आणि थोडं मानधन जमलं तर येते. तोवर फोनवर माझी शिकवणी. उपदेश नको. मध्ये बोलायचं नाही. शंका आली तर सरळ विचारायचं, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट पोर मोकळं होतं.
न्हाणीत हळू आवाजाचा सराव केला. सुनीता दाराबाहेरून : "ताप हाय का?"

५ ऑगस्ट
मॅडमच्या मानधनासाठी सरपंचांकडे अर्ज घेऊन गेलो. 'आत्महत्या प्रतिबंध' हा विषय वाचून त्यांनी पेन खाली ठेवला.
"सर, हा शब्द ग्रामपंचायतीच्या कागदावर काहून आनता? गावात असं काही नाही ना?"
"नाही. होऊ नये म्हणूनच."
"मंग रांगोळी व व्यक्तिमत्त्व विकास असं लिहा. रांगोळीले कोनी नाही म्हनत नाही."
लिहिलं. मंजूर झालं : रांगोळीची दहा पाकिटं.

१९ ऑगस्ट
राइस मिलवाल्या शेठकडे मदत मागायला गेलो. चहा, बिस्किट, पंखा माझ्याकडे वळवला. माणूस चांगला. पण हिशेबी.
"गेल्या साली शाळेत असं किती झालं?"
"एकही नाही."
"त्याच्या आदल्या साली?"
"नाही."
"म्हंजे शून्याचं शून्यच. मंग मॅडमनं केलं काय?"
मैदानात गुण फळ्यावर दिसतात. इथं न झालेलं कसं दाखवू?
शेवटी म्हणाले, पाण्याचा कूलर देतो, त्याच्यावर नाव लिहिता येते.

२९ ऑगस्ट
कूलर आला. मोठा आहे, मागच्या खोलीचं अर्धं दार झाकलं. शेठचं नाव लाल अक्षरात.
शिक्षक खोलीत वर्गणी काढली. विज्ञानाच्या मॅडमनी सुरुवात केली, मग लाजेकाजेनं बाकीचे. मु.अ. म्हणाले, "आमच्या टायमाले कोन होतं समजवाले? आमी काय मेलो?" पण दिली. दिवाळीपर्यंत महिन्यातले दोन गुरुवार निघतील.

१७ सप्टेंबर
नाव लिहीत नाही. माझ्या कबड्डी संघातली सगळ्यात चांगली चढाई करणारी. दहावी. तीन दिवस मैदानावर आली नाही. आज आली आणि बूट संघातल्या एका छोट्या पोरीला देऊन टाकले. नवे बूट. "मले नाही लागत आता," म्हणाली.
शिट्टी खिशात टाकली. चिंचेखाली बसलो, ती बाजूला. मॅडमनी सांगितलेला प्रश्न मनात दोनदा म्हणून पाहिला. शेवटी विचारलं.
"तुले मरावं वाटते का, बेटा?"
"रोज नाही, सर."
मी ओरडलो नाही. उपदेश केला नाही. नुसता बसून राहिलो, ती बोलत राहिली. काय बोलली ते इथं नाही.
तिला एकटं सोडलं नाही. मॅडमना फोन. मंगळवार असूनही मिळेल त्या गाडीनं निघाल्या. तिच्या आईला बोलावलं. आई अंगणवाडीत असते, हाताला पोषण आहाराचं पीठ तसंच. उद्या मॅडमसोबत भंडाऱ्याला डॉक्टरांकडे जातील.
घरी येऊन चहात मीठ टाकून प्यालो. सुनीतानं सांगितल्यावर कळलं.

३ ऑक्टोबर
पोरगी औषध घेते, मॅडमशी बोलते. वर्गात येते. मैदानावर नाही अजून.

७ नोव्हेंबर
गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. पाळणे, जिलेबी, धुळीत सगळा गाव. शेठ भेटले, भजे पुढे केले. "मंग सर, शून्य हाय का अजून?"
तोंडापर्यंत आलं होतं. एक नाव सांगितलं असतं तर शेठनी तिथंच वर्षभराचे पैसे दिले असते, हे मला माहीत होतं. भजं तोंडात कोंबलं.
"हो, शेठ. शून्यच हाय."
"बढिया," म्हणाले. गेले.
रात्रभर राग आला. कोणाचा, कळलं नाही.

१४ नोव्हेंबर
वर्गणी संपली. मॅडमचा आज शेवटचा गुरुवार, असं ठरवून निरोपाला नारळ आणला होता. तर दुपारी बचत गटाच्या सात-आठ बाया शाळेत. पुढे त्या पोरीची आई. पोरीचं नाव तिनं काढलं नाही. म्हणाली, "मॅडमच्या पैशाचं परीक्षेपावेतो आमी पाहतो. पन एक अट हाय."
मु.अ. सावध. "कोनती?"
"शाळा सुटल्यावर अर्धा घंटा आमाले बी बसू द्या त्याईच्यापुढं."
मागून एकजण : "मले अर्धा घंटा नाही पुरत, सांगून ठेवतो."
नारळ फोडून सगळ्यांनी खाल्ला.

२८ नोव्हेंबर
खोलीबाहेर पोरांपेक्षा बायांची रांग मोठी. कूलर सरकवून बाक टाकला. सरपंचांच्या पत्नी पण होत्या. रांगोळी पाहायला आले, म्हणाल्या.

५ डिसेंबर, गुरुवार
मॅडमना नागपूरच्या दवाखान्यात कायम नोकरीची मुलाखत. खरं तर त्यांना मिळावी. मिळू नये असंही वाटून राहिलं. फोन लागला नाही.
मु.अ. म्हणाले, आज खोली बंद ठेवा. पण बाकावर दोन पोरी आणि एक म्हातारी आधीच बसलेल्या. म्हटलं, मी बसतो. डॉक्टरकी जमत नाही, ऐकता येते. काही अवघड निघालं तर मॅडमसाठी ठेवीन.
तिघी बोलून गेल्या. कुलूप लावत होतो तर मु.अ. साहेब आले. इकडे तिकडे पाहिलं. आत शिरले, दार लोटलं, पोरांच्या खुर्चीवर बसले.
"सर, पाच मिन्टं हायत का?"
पाऊण तास झाला. शेवटच्या बसचा भोंगा वाजला तरी उठले नाहीत. मी पण नाही.