माझ्या उजव्या पायाबद्दल

मांगेरे, ऑकलंड
मंगळवार, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटं (जेवणाची सुट्टी)

प्रिय पेनितोदादास,

तुला, वहिनीला, तुझ्या अकरा डुकरांना (की बारा? मागच्या पत्रात तू आकडा खोडून पुन्हा लिहिला होतास, असं करू नये) आणि चर्चच्या पायरीवर बसणाऱ्या सगळ्या थोरामोठ्यांना माझा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? नारळाच्या झाडावरून पडलेल्या माणसाने सहा आठवडे पाय दुमडू नये, हे मी तीन पुस्तकं स्वतः वाचून सांगतोय. डॉक्टरला विचारायची गरज नाही. इथे सगळे खुशाल. मी तर जरा जास्तच, कारण मी जिंकलो.

तुला माहीतच आहे, एकोणीस वर्षं मी विमानतळावर प्रवाशांचं सामान तोलतोय. (तेवीस किलो म्हणजे तेवीस किलो. खुद्द आपल्या पाद्रीबुवांच्या पेटीतून मी डबाबंद मांसाचा एक डबा काढायला लावला होता. त्यांनी तो माझ्यासमोर, तिथेच उभं राहून, बोटांनी संपवला.) आमच्या विमान कंपनीचा नियम असा की नोकरमाणसाचं गोंदण प्रवाशाला दिसता कामा नये. माझ्या शेजारच्या काउंटरवर हिनेमोआ नावाची माओरी पोरगी बसते. तिच्या हनुवटीवर तिच्या आजीच्या घराण्याचं गोंदण आहे. दोन वर्षं ती रोज सकाळी त्यावर पावडर थापून यायची. दुपारपर्यंत त्या पावडरीचे पोपडे व्हायचे आणि प्रवासी विचारायचे, बाई, काही आजार आहे का? मला ते बघवेना. म्हणून दोन वर्षांत मी नऊ अर्ज केले, प्रत्येकाला पुरवणी, पुरवणीत आपल्या पेआच्या, म्हणजे पुरुषाच्या कमरेपासून गुडघ्यापर्यंतच्या गोंदणाच्या, एकेका नक्षीचा अर्थ, आकृत्यांसह, माझ्या स्वतःच्या पट्टीने काढलेल्या. (शाळा मी पाचवीत सोडली. हे सगळं माझं मी शिकलो.) आणि नऊही अर्जांची सुरुवात एकच होती: ‘ज्याच्या स्वतःच्या अंगावर पेआ आहे असा मी...’

इथेच मी माती खाल्ली.

गेल्या गुरुवारी आमच्या साहेब ब्रॉनविनबाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, नियम रद्द. हिनेमोआने तिथल्या तिथे ओल्या रुमालाने हनुवटी पुसली. त्या वेळी मला वजनकाटा तपासण्याचं फार तातडीचं काम निघालं, म्हणून मी खाली वाकलो. वर आलो तर बाई म्हणत होत्या की एक तारखेपासून ज्याला हवं त्याने विजारीऐवजी लावालावा नेसून यावं, आणि भिंतीवर पहिला मोठा फोटो फेरेतींचा, म्हणजे माझा, लागेल, लावालावा गुडघ्याच्या वर खोचलेली, पाय उघडे. ‘दोन्ही’ असं त्या म्हणाल्या नाहीत. पण माणसाला पाय दोनच असतात.

तू माझ्याबरोबर एकाच चटईवर बसलेला जोडीदार, तुला काय सांगायचं! तरी नोंद असावी म्हणून लिहितो: पाठ गोंदून झालेली, डावा पाय गुडघ्यापर्यंत झालेला, उजवा सोललेल्या तारोच्या कंदासारखा कोरा. सहाव्या दिवशी गोंदणाऱ्या लोमीगा आजोबांना मी ‘लघवीला जाऊन येतो’ म्हणालो, त्याला बावीस वर्षं झाली. जोडीने सुरू केलेलं तू एकट्याने पुरं केलंस. गावात म्हणतात, फेरेती दुखतं म्हणून पळाला. साफ चूक. डाव्या मांडीवरची तिसरी रेघ तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी कललेली होती, आणि त्यावर विचार करायला मी बाहेर गेलो. विचाराला वेळ लागला, आणि विमान शनिवारचं होतं. इथे आल्यावर लांब विजारीने माझी लाज राखली. म्हणजे ज्या नियमाविरुद्ध मी लढलो, त्याच्याच आडोशाला एकोणीस वर्षं उभा होतो.

शनिवारी मी न पुसणारं काळं पेन, पट्टी आणि कंपास घेऊन उजवा पाय स्वतःच काढला. चार तास चाळीस मिनिटं. डाव्याची हुबेहूब आरशातली प्रतिमा! रविवारी चर्चनंतर आईकडे लावालावा नेसून जेवायला गेलो, म्हटलं परीक्षा होईल. फेब्रुवारीचा उकाडा, पांढरा सोफा. उठलो तर माझी उजवी मांडी सोफ्यावर उमटलेली. आईने वाकून ती नक्षी पाहिली. मग म्हणाली, “हे तरी पुरं केलंस रे.” आणि तिने मला तारो वाढला. अर्धाच.

काल हिनेमोआ म्हणते, “काका, एक तारखेला माझी हनुवटी, तुमचे गुडघे! पळून जायचं नाही हं.” तिला काहीच माहीत नाही. मी एकच बॅग तीनदा तोलली.

तर मी ठरवलंय की त्या दिवशी आजारी पडायचं. त्यासाठी तुझ्या गुडघ्याची दुखणी सविस्तर कळव. कुठे ठणकतं, बसताना की उठताना, क्रमवार.

तुझा धाकटा भाऊ,
फेरेती

ता. क. लोमीगा आजोबांचा हात अजून स्थिर आहे का? सहज विचारतोय.

आणखी ता. क. दोन आरसे लावून तिसरी रेघ पुन्हा पाहिली. सरळ आहे.

आणखी एक ता. क. (बुधवार) गुडघ्याचं राहू दे. सकाळी ब्रॉनविनबाईंना सगळं खरं सांगितलं आणि उजवा पाय पुरा गोंदून घ्यायला सहा आठवड्यांची रजा मागितली. म्हणाल्या, “फोटो थांबेल, फेरेती. भिंत कुठे पळून जातेय!” त्यांनी मुद्दाम म्हटलं असं वाटत नाही. हिनेमोआलाही सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मग माझी पेटी तिनेच तोलली: आजोबांसाठी आईने दिलेली बारीक विणीची चटई आणि मांसाचे डबे धरून बावीस किलो नऊशे. पुढच्या गुरुवारच्या बोटीने आपल्या सवाईई बेटावर पोचतो. पत्र आधी आलं तर उत्तम, नाहीतर मीच वाचून दाखवीन. तू माझ्या उशाशी बस. पाय दुमडत नसेल तर पसरून बस, पण डोकं घट्ट धर. आणि मी ‘लघवीला जाऊन येतो’ म्हणालो, तर माझ्याबरोबर ये.