गर्दीत नको, एकांतात नको

६ जानेवारी
पहाटे सहाला स्कूटीवरून एकलहऱ्याला. मी, प्राजक्ता, दोघींचे स्केटबोर्ड. तिथल्या वीज केंद्राच्या रिकाम्या क्वार्टर्समागचा रस्ता अजून गुळगुळीत आहे, आणि त्या वेळी बघायला कुणी नसतं. बंद हॉलच्या तीन पायऱ्यांवरून बोर्डासकट उडी. प्रा.ने चार वेळा मस्त मारली. पाचव्यांदा चाकाखाली खडा आला. हनुवटी फुटली. ओढणी दाबून धरायला लावलं, नाशिक रोडला दवाखान्यात आणलं. सहा टाके. रडली नाही. तिची आई धावत आली आणि डॉक्टरांना पहिलं विचारलं, "डाग राहील का? स्थळं बघतोय आम्ही."
दुखतंय का, हे कुणीच…

८ जानेवारी
प्रा.च्या आईचा माझ्या आईला फोन. म्हणे तुमच्या पोरीने आमचीला नादाला लावलं. खरं तर बोर्ड आधी तिने घेतला, मला तिनेच शिकवलं. आईने मुकाट्याने ऐकून घेतलं. नंतर कांदा चिरत बसली.
मागच्या वर्षी प्रा.चा भाऊ नीलेश बाइकच्या स्टंटमध्ये हात मोडून घेऊन आला. अख्ख्या कॉलनीने प्लास्टरवर सह्या केल्या. त्याच आईने सगळ्यांना शिरा दिला. मीही खाल्ला.

११ जानेवारी
पप्पा रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. समजुतीने सांगत होते. खेळ, पण गर्दीत नको, लोक बघतात. कुणी नसेल अशा ठिकाणीही नको, घोर लागतो. मी विचारलं, मग कुठे? त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "गच्चीवर?"
गच्ची पाण्याच्या टाक्यांनी भरलीय.

१८ जानेवारी
शहरात स्केटबोर्डची स्पर्धा. मुलींचा गट रद्द, दोनच नावं आली म्हणून. माझं आणि प्रा.चं. तिला घरून सोडलंच नाही. मला मुलांत घेतलं. साधं वळण घेतलं तरी टाळ्या. मुलाने तेच केलं असतं तर कुणी मोबाइलमधून मान वर काढली नसती. आयोजक चांगला मुलगा आहे. माइकवर म्हणाला, "मुलींना मुळात भीती वाटते, म्हणून त्या येत नाहीत." मी चार पावलांवर उभी, हेल्मेट हातात. आता घरी बसून सगळी उत्तरं सुचतायत.

२५ जानेवारी
एकटीच एकलहऱ्याला. घरी सांगितलं, लायब्ररी. दोघं जण गाडी थांबवून बघत बसले. एकाने व्हिडिओ काढला. ते जाईपर्यंत बुटाची नाडी बांधत राहिले.
मग पायऱ्या. तीनदा वेग घेतला, तीनदा कडेला येऊन उतरले. पाय ठीक होते. पडायचीही भीती नव्हती. पडल्यावर आईच्या तोंडून पहिलं वाक्य कुठलं येईल, त्याची होती.
आयोजक बरोबर बोलला म्हणायचं. फक्त कशाची भीती ते त्याला…

३० जानेवारी
प्रा.चा मेसेज. डाग राहणार. पाहुणे येऊन गेले, कळवतो म्हणाले, कळवलं नाही. पुढे तिने लिहिलंय, "रविवारी सहाला येतेस ना?"
मी टाइप केलं, आईला बरं नाही.
आई बाहेर पापड वाळत घालतेय, ठणठणीत.
अजून पाठवलेलं नाही. पुसलेलंही नाही.