हरित ताफ्याचा शिल्पकार

२ जानेवारी
आजपासून रोजनिशी. पुढेमागे कुणी विचारलंच की हे सगळं तुम्ही कसं साधलंत, तर उत्तर तयार हवं. माणूस मोठा झाला की तारखा विसरतो.

उद्योग संघटनेच्या पत्रकात जाहिरात आली आहे. कंपनीच्या गाड्यांचा धूर जो फ्लीट मॅनेजर मार्चच्या मध्यापर्यंत सर्वांत जास्त कमी करून दाखवेल, त्याला ‘हरित ताफ्याचा शिल्पकार’ हा किताब. ट्रॉफी, मानपत्र, पत्रकाच्या मुखपृष्ठावर फोटो. मी फ्लीट मॅनेजर आहे. आमची लाँड्री. हॉस्पिटलं आणि हॉटेलं यांचे धुतलेले कपडे पोचवायचे, मळके उचलून आणायचे. बारा व्हॅन माझ्या हाताखाली. जाहिरात वाचताना असं वाटत होतं की कुणीतरी मलाच हाक मारतंय.

हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी आपल्या कारचं बघा, मागून काळा धूर येतो, शेजारच्या वहिनींनी गॅलरीत कपडे वाळत घालणं सोडलंय. मी म्हटलं, ती खासगी गाडी. मोजणीत येत नाही.

४ जानेवारी
ड्रायव्हर लोकांची मीटिंग घेतली. नियम सांगितले. गाडी उभी असेल तर इंजिन बंद. पन्नासच्या वर स्पीड नाही. आणि मुख्य म्हणजे व्हॅन पूर्ण भरल्याशिवाय फाटकाबाहेर जाणार नाही.

आमच्यातला सगळ्यांत जुना ड्रायव्हर, त्याच्या आवाजामुळे ज्याला सगळे ‘हॉर्न’ म्हणतात, तो म्हणाला, साहेब, व्हॅन भरेपर्यंत हॉस्पिटलवाल्यांनी काय करायचं? मी म्हटलं, थोडं थांबायचं. पृथ्वी नाही का आपल्यासाठी एवढी वर्षं थांबली? नंतर लक्षात आलं की पृथ्वी थांबत नाही, फिरते. पण मुद्दा मनाला भिडला असावा. सगळे लगेच उठून आपापल्या व्हॅनकडे गेले.

११ जानेवारी
हॉर्नने मोठ्या चौकात सिग्नलला इंजिन बंद केलं. ते परत चालू झालं नाही. तो आणि ट्रॅफिक पोलीस, दोघांनी व्हॅन ढकलत कडेला घेतली. मागे खूप गाड्या खोळंबल्या. त्या सगळ्यांची इंजिनं चालू होती, पण त्या आपल्या कंपनीच्या नाहीत. ढकललेल्या अंतराला डिझेल शून्य. तशी नोंद केली.

हे सगळं मला प्रत्यक्ष पाहता आलं, कारण हल्ली मी नियम पाळले जातात की नाही ते बघायला व्हॅनच्या मागे माझी कार घेऊन जातो.

२० जानेवारी
डिस्पॅचच्या बाई केबिनमध्ये आल्या. कुठली व्हॅन कुठे जाणार हे बाई ठरवतात, म्हणजे माझ्या सल्ल्याने. म्हणाल्या, मोठ्या हॉस्पिटलचा तिसरा फोन आहे, ऑपरेशनच्या चादरी पोचल्या नाहीत, कारण व्हॅन अजून पाऊणच भरलीय. मी म्हटलं, मग उरलेली पाव कशी भरता येईल ते बघू या. बाई तडक फोनकडे गेल्या. मुद्दा पटला असावा.

दुपारी समजलं की त्यांनी बाहेरून भाड्याचा टेम्पो बोलावून चादरी पाठवल्या. आधी रागावणार होतो. मग ध्यानात आलं की टेम्पो आपला नाही, म्हणजे धूरही आपला नाही. बाईंना म्हटलं, अडीअडचणीला टेम्पो मागवत जा. असं लवचीक असावं लागतं.

३ फेब्रुवारी
जानेवारीचा हिशोब हातात आला. आपल्या व्हॅनचं डिझेल पाचव्या हिश्शाने खाली. आलेख काढून नोटीस बोर्डावर लावला. मालकीणबाई येताजाता थांबल्या, चष्मा लावून पाहिला, म्हणाल्या, उतार चांगला आहे. बाई कौतुकाला फार कंजूष. एवढं म्हणाल्या म्हणजे डोंगर हलला.

रात्री आरशासमोर दोन वाक्यं म्हणून पाहिली. ‘हा सन्मान माझा एकट्याचा नाही.’ चांगलं वाटतं. मात्र ‘एकट्याचा’वर जोर नको, नाहीतर लोक खरं मानतील.

१० फेब्रुवारी
मोठ्या हॉस्पिटलने करार मोडला. दिवसभर मालकीणबाईंचं दार बंद. ऑफिसात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. हॉर्नसुद्धा हळू बोलत होता, ते ऐकून सगळे जास्तच घाबरले.

मलाही वाईट वाटलं. नाही असं नाही. पण ते हॉस्पिटल गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. रोज चार व्हॅन तिकडे जायच्या. आता जाणार नाहीत. संध्याकाळी सगळे गेल्यावर सहज म्हणून आलेख पुढे ओढला. इतका सुंदर उतार मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

जेवताना मुलीला सांगितलं. ती कॉलेजात आहे, तिला आकडे कळतात. म्हणाली, बाबा, मग लाँड्रीच बंद केली तर पहिला नंबर पक्का. मी म्हटलं, तत्त्वतः हो. ही म्हणाली, निमूटपणे जेवा दोघं.

२२ फेब्रुवारी
आणखी दोन हॉटेलं गेली. कुणाच्याही कामात चढउतार असतात.

मालकीणबाईंनी चार ड्रायव्हरांना घरी बसवलं. त्यांच्यातला एक जण माझ्या केबिनच्या दाराशी येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तर आला नाही. म्हणाला, साहेब, तुम्ही जरा मालकीणबाईंशी बोलता का, घरी आई अंथरुणाला खिळलीय. मी म्हटलं, अरे, या सगळ्यात तुझाही वाटा आहे, मी भाषणात तुझा उल्लेख करणार आहे. त्याने विचारलं, कुठल्या भाषणात? मी म्हटलं, कळेल. तो आला तसा गेला.

संकल्प: त्याचं पूर्ण नाव विचारून ठेवणे.

२७ फेब्रुवारी
नाव विचारायचं राहिलं. तो आता येत नाही.

८ मार्च
सूट शिवायला टाकला. टेलर म्हणाला, घरात लग्न निघालंय वाटतं. मी म्हटलं, त्याहून मोठं. त्याने कमरेचं माप दोनदा घेतलं.

हिच्या भावाला कार्यक्रमाचं सांगून ठेवलं. मेहुणा बँकेत आहे आणि मला कायम ‘काय, गाड्या मोजता ना अजून?’ असं विचारतो. आता येऊन बघ म्हणावं. शेजारच्या वहिनींनाही सांगितलं. धुराच्या निमित्ताने त्यांचाही या कामाशी संबंध आहेच.

१५ मार्च
परीक्षक येऊन गेले. किडकिडीत गृहस्थ, खांद्याला कापडी पिशवी, बसने आले. मी त्यांना यार्डात नेलं. भर अकरा वाजता सगळ्या व्हॅन धुऊन पुसून रांगेत उभ्या. बघत राहावं असं दृश्य. त्यांनी विचारलं, कामाच्या वेळेला एवढ्या गाड्या इथे कशा? मी म्हटलं, नियोजन.

आलेख दाखवला. ते म्हणाले, उतार मोठा आहे. म्हणजे मालकीणबाई आणि हे, दोघांचं एकमत. मग विचारलं, या काळात कपडे किती किलो धुतले? मी म्हटलं, तो धुलाई विभागाचा विषय, माझ्याकडे चाकं असलेल्या गोष्टी येतात. तरी त्यांनी डिस्पॅचच्या बाईंना गाठलंच. बराच वेळ दोघं बोलत होते. टेम्पोचीही काही बिलं बघितली म्हणे. जाताना मला म्हणाले, असा अर्ज माझ्या पाहण्यात नाही. मी नम्रपणे मान झुकवली.

१९ मार्च
निमंत्रण आलं. सहकुटुंब. हरलेल्या माणसाला कोण सहकुटुंब बोलावतं?

भाषण पाठ झालं. हसायच्या जागा ठरवल्या.

२८ मार्च
लिहायचं नव्हतं. पण नियम तो नियम.

हॉल भरलेला. आम्ही तिसऱ्या रांगेत. मी कडेची खुर्ची धरली, स्टेजवर जाताना कुणाच्या पायात पाय अडकायला नकोत. मेहुणा माझ्या शेजारी, पलीकडे ही आणि मुलगी.

किताब एका पाव-बिस्किटांच्या बेकरीच्या मॅनेजर बाईंना मिळाला. दुकानं वाढली, पाव जास्त गेले, तरी धूर कमी. त्यांनी सगळ्या ड्रायव्हरांना स्टेजवर बोलावलं. एकेकाचं नाव घेतलं. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, अर्धा उभा राहिलो होतो तो तसाच खाली बसून.

मग ते परीक्षक बोलले. म्हणाले, आमच्याकडे एक अर्ज असाही आला, ज्यात धूर सर्वांत जास्त कमी झाला होता. बघितलं तर गिऱ्हाईकच कमी झालं होतं. वर तातडीच्या मालासाठी भाड्याचे टेम्पो पळत होते, ते धरले तर किलोमागे धूर उलट वाढलाय. हे म्हणजे जेवणच बंद करायचं आणि भांडी कमी घासावी लागली म्हणून शाबासकी मागायची.

सगळा हॉल हसला. मीही हसलो. मेहुणा हसला नाही, तो माझ्याकडे बघत होता. ते जास्त लागलं. ही हळूच म्हणाली, तुम्हीच ना ते? मी म्हटलं, नाव घेतलेलं नाही.

घरी येताना मेहुण्याला वाटेत कारने सोडलं. उतरताना तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, भावजी, सूट छान बसलाय. घरी आल्यावर तो सूट हिनेच हँगरला लावला, खांदे सरळ करून. मी नुसता पलंगावर बसलो होतो.

१ एप्रिल
मालकीणबाईंनी बोलावलं. सात व्हॅन विकणार. पाच व्हॅनला वेगळा मॅनेजर कशाला, डिस्पॅचच्या बाई बघतील. मी म्हटलं, आणि मी? त्या म्हणाल्या, तुमचं लायसन्स आहे ना? चौघांना घरी बसवलेलं बघून आणखी चार ड्रायव्हर सोडून गेले, सगळ्यांना निरोप धाडला होता, पण कुणी परत यायला तयार नाही, एक ड्रायव्हर कमी पडतोय. मी म्हटलं, विचार करून सांगतो. त्या म्हणाल्या, करा. परवा सकाळी सहाला व्हॅन निघते.

हिला म्हटलं, मला फील्डवर घेतलंय. ही म्हणाली, डबा किती वाजता हवा?

हॉर्न किल्ली द्यायला आला. वाटलं, आता टोमणा मारणार. तर म्हणाला, सेकंड गिअर अडकतो, जरा जोर लावा, आणि आरसे निघण्याआधीच बघून घ्या. आवाज नेहमीसारखाच मोठा होता, त्यामुळे सगळ्या यार्डाला कळलं.

३ एप्रिल
पहिला दिवस. मी पाच वर्षं सगळे रस्ते भिंतीवरच्या नकाशात रंगवलेत. नकाशात एकेरी रस्ते नाहीत. वळसे घालता घालता शेवटच्या ठिकाणी, एका छोट्या प्रसूतिगृहात पोचलो तेव्हा दुपार होत आली होती.

जिन्यात एक तरुण माणूस नुसत्या बनियनवर उभा. मनात आलं, चार लोकांत जाताना काही रीत असते. मी गठ्ठे घेऊन वर गेलो. सिस्टर म्हणाल्या, आलात एकदाचे. पहाटे मूल झालं, कपाटात एक स्वच्छ चादर नव्हती, बाळाला बापाच्या शर्टात गुंडाळलंय. आणि पडदा बाजूला करून दाखवलं. निळ्या रेघांचा शर्ट. बाही खाली लोंबत होती. आत एवढंसं तोंड, झोपलेलं.

सिस्टर म्हणाल्या, जानेवारीपासून हेच चाललंय, तुमच्याकडे हे ठरवतं कोण? मी म्हटलं, मी नवीन आहे.

खाली उतरलो तर तो बनियनवाला अजून तिथेच. मला म्हणाला, मुलगी झाली. मी म्हटलं, अभिनंदन. पाठ केलेल्या भाषणातलं एकही वाक्य तिथे चालण्यासारखं नव्हतं.

संकल्प: उद्या हे ठिकाण सगळ्यांत आधी.

४ एप्रिल
अंधारातच यार्डात आलो. डिस्पॅचच्या बाई यायच्या होत्या, म्हणून गठ्ठे मीच निवडले आणि मीच भरले. एकदाही रस्ता चुकलो नाही. प्रसूतिगृहाचं दार उघडायच्या आधी दारात हजर. सिस्टर आल्या आणि मला बघून दचकल्याच. गठ्ठे त्यांच्यासमोर ठेवले. आयुष्यात इतका वेळेवर मी कुठेच पोचलेलो नाही.

त्यांनी गाठ सोडली. टेबलक्लॉथ निघाले. गुलाबी, कडेला झालर, कोपऱ्यात हॉटेलचा शिक्का. दुसरा गठ्ठा सोडला. नॅपकिन.

मी म्हटलं, आत्ता परत जाऊन बदलून आणतो. सिस्टरनी एक टेबलक्लॉथ झटकला, हाताने चाचपून बघितला आणि म्हणाल्या, राहू द्या, मऊ आहे, कालच्या चादरी रात्रीतच संपल्या, बाळ परत शर्टात आहे, आज यावर भागवू. बाळाला झालरीत गुंडाळलं. बापाला शर्ट परत मिळाला. त्याने तो तिथेच घातला आणि बटणं लावता लावता मला थँक्यू म्हणाला.

आता हॉटेलच्या कोपऱ्यावर व्हॅनमध्ये बसून लिहितोय. हॉटेलचा फोन सारखा वाजतोय. त्यांच्याकडे अजून गेलेलो नाही, आणि मागचे गठ्ठे आत्ता सोडून पाहिले तर त्यांच्यासाठी फक्त पाळण्याच्या चादरी आहेत.