आखूड काडतूस

लेमहाय, आयडाहो
सोमवार, २९ ऑगस्ट १९८३

प्रिय आर्डेन दादा,

देवाच्या कृपेने आम्ही दोघं बरे आहोत. तुझी कंबर आणि लोर्ना वहिनीचा दमा, दोन्हींसाठी रोज प्रार्थना करते. गुण येतोय का, हे विचारायला मात्र तीन वर्षं तोंड नव्हतं. यंदा पीच उशिरा आले, पण गोड आहेत. बेचाळीस बरण्या भरल्या. गवताची दुसरी कापणी कोरडी घरात आली. तुझ्या मेव्हण्याचा, डॅलिनचा, उजवा डोळा आहे तसाच आहे. उजेड कळतो, माणूस कळत नाही.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू म्हणाला असशील, "आता काय हवंय हिला?" हवंय. काडतुसं हवी आहेत. तू स्वतः भरलेली.

यंदा एल्कच्या शिकारीचा परवाना मी माझ्या नावावर काढलाय. डॅलिनला डाव्या खांद्यावरून नेम धरणं जमलं नाही, आणि तीन हिवाळे आम्ही शेजारच्या ऑरिनने दिलेल्या मांसावर काढले. चौथा काढायचा नाही. शिवाय या घरात यापुढे एकच रायफल आणि एकाच जातीचं काडतूस राहील, हेही ठरवलंय. हरीण त्यानेच, एल्क त्यानेच, आणि मेंढरांत अस्वल शिरलं तर तेही त्यानेच.

कोणतं, ते ठरवायला आधी सॅमन गावातल्या दुकानात गेले. तिथला पोरसवदा विक्रेता म्हणाला, "ताई, एल्कला मॅग्नमचं दांडगं काडतूसच पाहिजे. चारशे यार्डांवर आडवा होतो."

"चारशे यार्डांवर मला आमची गायही ओळखू येत नाही."

"खांद्याला धक्का बसतो जरा. पण होते सवय."

"सवय नाही होत, बाबा. माणूस डोळे मिटून चाप ओढायला लागतो. मग जनावर पोटात गोळी घेऊन दरीत मरतं, आणि आपण घरी येऊन मॅग्नमचे गोडवे गातो."

मागे एक म्हातारा खिळे निवडत बसला होता, तो इतका हसला की त्याचे खिळे सांडले. विक्रेत्याने मला पुढे काही दाखवलं नाही.

दादा, मी आपलं आखूड काडतूस निवडलं. तीनशे आठ. लग्नात बाबांनी दिलेली माझी रायफल त्याचीच आहे. धक्का सोसतो, त्यामुळे डोळे उघडे राहतात. गोळी एकशे पासष्ट ग्रेन वजनाची हवी. हलकी एल्कच्या खांद्यातच फुटून राहते आणि जड लांबवर खाली पडते. अडीचशे यार्डांच्या पलीकडे मी चाप ओढणार नाही, तसा शब्द मी डॅलिनला नव्हे, देवाला दिलाय. जुलैपासून कुरणात कागदी ताटली लावून सराव करते. दोनशे यार्डांवर, गुडघा टेकून, दहातल्या नऊ ताटलीत जातात. डॅलिन म्हणतो, "गुडघे टेकायचा सराव तुझा आधीपासूनच आहे."

तू म्हणशील, एल्कसाठी मग लांब, तीस-सहा, का नको? त्यात दारू जास्त मावते, जड गोळी चांगली चालते, आणि डॅलिनची रायफल भिंतीवर नुसती लटकलीय. डॅलिनही हेच म्हणाला. वाद घातला त्याने. "दोन्ही राहू देत घरात. काय खायला मागतात?"

मी नाही म्हटलं. दोन्हींची गोळी एकाच जाडीची असते. फरक पितळी पुंगळीच्या लांबीत, जेमतेम अर्ध्या इंचाचा.

या अर्ध्या इंचाशी आले की हात थांबतो. दोन कागद इथवर लिहून चुलीत गेले, आणि कागद जाळणारी मी नव्हे, हे तू जाणतोस. आता लिहितेच.

त्या वर्षी खोकी फाटली होती. तू डॅलिनसाठी भरलेली लांब काडतुसं एका खोक्यात आठ, दुसऱ्यात पाच, आणि माझी दुकानातली आखूड सहा-सात. फळीवर जागा अडत होती. मी सगळी एका बरणीत घातली. दोनऐवजी एकीत भागलं, एक बरणी वाचली म्हणून मला बरंही वाटलं. तू एकदा ते पाहिलंस. आठवतं? माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणालास, "व्हर्ला, काडतूस म्हणजे चेरी नव्हे, मुरत घालायला. ओत ते सगळं टेबलावर आणि वेगळं कर." मी म्हटलं, "तू वहिनीच्या फळ्या आवर आधी." तू गेल्यावर वेगळं करायचं होतं. केलं नाही.

शिकारीला निघताना डॅलिन बूट चढवत होता. बरणीतली मूठभर काडतुसं मीच त्याच्या कोटाच्या खिशात घातली. पुढचं तुला माहीत आहे. हातमोजे घातलेल्या हाताने न बघता त्याने एक आत सरकवलं, आणि चाप ओढल्यावर गरम वायू आणि पितळेचे कण डोळ्यात आले. ऑरिनने त्याला घोड्यावर घालून आणलं. गावभर झालं, की आर्डेनने दारू चुकीची भरली. पुढच्या रविवारी डॅलिन चर्चच्या पायरीवर सगळ्यांसमोर तुला म्हणाला, "तुझ्या हाताने माझा डोळा खाल्ला." तूही तेच समजलास, हे मी तुझ्या चेहऱ्यावर वाचलं.

दादा, मला त्या रविवारच्या आदल्या दिवशी खरं कळलं होतं.

कोट धुवायला घेतला तेव्हा खिशात ऑरिनने रायफलीतून काढून ठेवलेली ती पुंगळी होती. मान राहिलेली नाही, सरळ नळी झालेली, एका बाजूने चिरलेली. बुडावर आकडा ३०८. आखूड काडतूस लांब काडतुसाच्या रायफलीत गेलं होतं. ते तुझं नव्हतंच. माझं होतं.

मी ती शिवणाच्या डब्यात बटणांखाली ठेवली. पायरीवर तुझ्याकडे बघत उभी राहिले आणि गप्प बसले. नवऱ्याला कळलं तर घर मोडेल, असं तेव्हा वाटलं. नंतर वहिनी एकदा दुकानात पीठ घ्यायच्या रांगेत भेटली. म्हणाली, "त्याने काडतुसं भरायच्या यंत्रावर ताडपत्री टाकलीय. कुणी आलं तरी नाही म्हणतो." मी घरी येऊन प्रार्थनेला बसले आणि अर्ध्यातून उठले. जुलैमध्ये परवाना निघाला आणि पहिल्यांदा खरंच विचार करावा लागला, की मी कुणाच्या हातचं काडतूस वापरणार.

काल जेवण झाल्यावर पुंगळी डॅलिनच्या ताटाशेजारी ठेवली. त्याने ती डाव्या डोळ्याजवळ नेली, बुडाशी फिरवली.

"किती दिवस?"

"तीन वर्षं."

तो उठून लाकडं फोडायला गेला. बराच वेळ फोडली. आत आला तेव्हा मला म्हणाला, "तुझ्याशी मी आज बोलणार नाही. पण आर्डेनला मी पायरीवर बोललो होतो, चारचौघांत. ते घरात बसून परत घेता येणार नाही." मग भिंतीवरची रायफल उतरवून गाडीत ठेवली. ती विकायला आज तोच घेऊन गेलाय.

म्हणून हे पक्कं. येत्या रविवारी उपवासाची सभा आहे. ज्याला साक्ष द्यायची तो उठतो आणि सगळे ऐकतात. मी उठणार आहे. बरणी, कोट, बटणांचा डबा, सगळं सांगणार आहे. माझ्यानंतर डॅलिन उठेल. तू ये किंवा येऊ नकोस. समोरचा बाक रिकामा असला तरी मी बोलणारच.

पुंगळी या पत्राबरोबर पाठवते. कुणी विचारलं तर दाखव. तुझी आहे ती आता.

आणि यंत्रावरची ताडपत्री काढ. मला वीस काडतुसं भरून दे, तीनशे आठ, एकशे पासष्ट ग्रेन. दुकानातली मी घेणार नाही. ज्या हातांना आम्ही नावं ठेवली, त्या हातांनी भरलेलं काडतूस आत सरकवून मी डोंगरात उभी राहीन, त्याच्या मागे माझा डोळा ठेवून. ते नसेल तर यंदा या घरात घेवडाच शिजेल, आणि तो मी न कुरकुरता खाईन.

जिने वाचवलेल्या एका बरणीपायी तुझं नाव घालवलं, ती तुझी धाकटी बहीण,

व्हर्ला